फुचक्यांची पंगत

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला माणूस. घरी फुचके करून सात मुलींना भरल्या ताटावरून उपाशी उठवणाराही मीच पहिला. दोन्ही गोष्टींना साक्षीदार आहेत, पण लोक चर्चा फक्त दुसरीची करतात.

पदवी बी.एस्सी., केमिस्ट्री, कराड. वर्ग सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. माझे वडील, आबा, गवंडी होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली आणि सही करायला शिकले ते माझ्या कॉलेजच्या अर्जावर अंगठा उठवायचा नव्हता म्हणून. माझ्या पदवीची फ्रेम त्यांनी स्वतः भिंतीला खिळा ठोकून लावली. त्यानंतर माझ्या चार बदल्या झाल्या. दर वेळी ट्रकमधून सामान उतरायच्या आधी तो खिळा ठोकला जातो. सध्या तो कोलकात्यात, बागबाजारच्या एका गल्लीत, भाड्याच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. (मराठे येतील या धास्तीनं या शहरानं एकेकाळी खंदक खणला होता आणि तो इथूनच सुरू व्हायचा, हे शेजाऱ्यांनी आम्हाला आल्या दिवशीच सांगितलं. हसत सांगितलं. पण सांगितलं.)

मी नदीपलीकडं हावड्याला एका सरकारी कंपनीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी अधिकारी आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल हातात घ्यायचा, उलटसुलट बघायचा आणि 'नापास' म्हणायचं. या कामात मी वाकबगार आहे. अडचण एवढीच, की स्वतः माल करायची वेळ माझ्यावर कधी आलेली नव्हती.

तर सई. माझी मुलगी. अकरावा वाढदिवस. सहा वर्षांतली ही तिची तिसरी शाळा, आणि या शाळेत दहा महिने झाले तरी एकही मैत्रीण घरी आलेली नव्हती. डिसेंबरात एक दिवस ती धावत जिना चढून आली आणि दारातूनच ओरडली, "आई! सहा जणी येणार! मिष्टूपण येणार!"

मिष्टू म्हणजे वर्गातली अशी मुलगी, की ती जिथं जाते तिथं बाकीच्या जातात. प्रत्येक वर्गात अशी एक असते. आमच्या खात्यातही एक आहे.

"मग काय करायचं खायला?" माझी बायको वैशाली म्हणाली.

"फुचका! मिष्टूच्या बड्डेला फुचकावालाच घरी बोलावला होता. आपण पण बोलवू या ना, तो कोपऱ्यावरचा. बस, अजून काही नको."

"पाणीपुरी?" मी पेपरमधून मान वर काढली.

"बाबा, इथं फुचका म्हणतात. मैत्रिणींसमोर पाणीपुरी म्हणू नको हं, प्लीज. आणि दुसरं काही वेगळं पण करू नको."

मुलीनं आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती. शहाण्या माणसानं खाली जाऊन फुचकावाल्याला तारीख सांगितली असती.

मी म्हणालो, "कोपरापर्यंत हात पाण्यात घालणाऱ्या माणसाला घरी बोलवायचं? घरात केमिस्ट्रीचा पदवीधर असताना? काय असतं त्यात? पीठ, बटाटा, चिंच, मीठ. मी करतो."

भिंतीवरची फ्रेम जरा वाकडी झाल्यासारखी वाटली.

"तुम्ही?" वैशाली म्हणाली. "अहो, तुम्ही गॅस लावताना लायटर उलटा धरता."

"निदान पुऱ्या तरी तयार आण," सई रडवेली झाली. "श्यामबाजारला पाकिटं मिळतात."

"विकतच्या पुऱ्या आणून त्याला घरचं म्हणणं ही फसवणूक आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

शनिवारी सकाळी मी नवीन वही काढली. पहिल्या पानावर 'उद्देश' लिहिलं, खाली 'साहित्य', खाली 'कृती'. 'निष्कर्ष' हा मथळा टाकून जागा मोकळी सोडली. आबा हिवाळ्यापुरते आमच्याकडं आले होते. ते स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले. कुठंही काम चालू असलं की आबा तिथं बसतात. रस्त्यावर गटार खोदत असले तरी बसतात.

पहिल्या हप्त्यात वीस पुऱ्या तळल्या. त्यातल्या तीन फुगल्या. बाकीच्या सतरा तेलात पडून माझ्याकडं बघत राहिल्या.

"पापड झालं," आबा म्हणाले.

"आबा, हा प्रयोग आहे."

"व्हय, पापडाचा."

दुसऱ्या हप्त्यात मी रवा वाढवला. या फुगल्या! सगळ्याच्या सगळ्या फुगल्या! मी वहीत वेळ टिपली. मग भोक पाडायला अंगठा दाबला, तर अंगठाच दुखला. एक पुरी ओट्यावरून खाली पडली, टणकन वाजली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. फुटली नाही. (ती अजून तिथं आहे. मुंग्यांनीही प्रयत्न करून सोडून दिली.) भोक पाडायला शेवटी सईच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं.

"बाबा, ते माझं जॉमेट्रीचं आहे!"

"धुऊन घेतलंय."

आता आबांना बसवेना. ते उठले, पिठाचा गोळा हातात घेतला, दाबला, नाकाशी नेला. "आरं, पयला माल सैल हुता, ह्यो कोरडा हाय. आन् मळला की लगेच लाटतूस व्हय? पाणी पिऊ दे की त्याला. स्लॅब टाकल्या टाकल्या त्यावर नाचत्यात का?"

त्यांनी पीठ पुन्हा मळलं. रवा मुठीनं घातला, पाणी चिमटीनं शिंपडलं, वर ओलं फडकं टाकलं आणि घड्याळ न बघता गप्प बसून राहिले. मी 'कृती' खाली बांधकामातला शब्द लिहिला: क्युरिंग. मग त्यांनी लाटायला घेतलं. गिलावा करणारा हात तो! कागदासारखी पातळ, सगळीकडून सारखी. तेलात पडली की टम्म. शंभर पुऱ्या झाल्या. मी एकेक उचलून उजेडात धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभरच्या शंभर नग पास केले.

इथं माझा अहंकार जागेवर येऊन बसला. पुऱ्या आबांनी केल्या होत्या, पण वही माझी होती.

रविवारी सकाळी पाणी. चिंच, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची आणि इथलं ते गंधराज लिंबू, ज्याच्या नुसत्या सालीनं घर दरवळतं. प्रमाण ठरवायला मी नमुने केले आणि एकेक चाखत गेलो. पाचव्या नमुन्यानंतर मला वाटायला लागलं की तिखट कमी पडतंय. मिरची वाढवली. तरी कमीच. आणखी वाढवली. माझी जीभ बधिर झालेली आहे ही शक्यता वहीत कुठं नव्हती. वैशालीनं चमचाभर चाखलं आणि ती तडक गॅलरीत गेली. पाच मिनिटांनी परत आली ती डोळे पुसत.

"पाणी घाला," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

पाणी घातलं, तर आंबट कमी झालं. चिंच घातली, तर मीठ कमी. पातेलं भरलं, मोठं पातेलं भरलं, आणि दुपारी बारापर्यंत फुचक्याचं पाणी बादलीत होतं. (नवीन बादली. हे मी प्रत्येकाला सांगतो.) पण चव जमली! वैशालीनं दुसऱ्यांदा चाखलं आणि म्हणाली, "बरं झालंय." लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढं कौतुक मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणजे दुपारी चार वाजता परिस्थिती अशी होती: पुऱ्या उत्तम. पाणी उत्तम. बटाटा आणि काळे हरभरे कुस्करून, मसाला घालून तयार. इथून पुढं बिघडवायला खास बुद्धी लागते. ती मी पुरवली.

"बसायचं कसं?" आबांनी विचारलं.

"बसायचं नाही आबा. फुचका उभ्यानं खातात. हातात पानाचा द्रोण धरायचा, तो एकेक देत जातो, आपला नंबर आला की—"

"उभ्यानं?" आबांचा चेहरा पडला. "पोरीच्या वाढदिवसाला आल्याली लेकरं दारात उभी करायची? द्रोण पुढं धरून? आरं, भिकारी हायत का पावनं? पंगत बसव. सगळ्यांस्नी वाढायचं, मग सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. रीत हाय ती."

आता खरं सांगतो, मला ते पटलं. चांगल्या घरात पाहुण्याला मान देऊन बसवतात, ताट वाढून ठेवतात. रस्त्यावरच्या पदार्थाला आपण रीत दाखवून देऊ, असं काहीसं माझ्या डोक्यात आलं.

"अहो, भरून ठेवू नका," वैशाली म्हणाली.

"वैशाली, आज स्वयंपाकघर माझ्याकडं आहे."

"बरं," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. वैशाली 'बरं' म्हणून खुर्चीवर बसली की त्या दिवशी काय होणार हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

पाच वाजता मुली आल्या. सहा जणी, नीट वेण्या, हातात भेटवस्तू. बुटांच्या जोड्या दारात ओळीनं लावल्या. मिष्टू पुढं आली आणि मला म्हणाली, "नमस्कार, काकू." (बंगालीत काकू म्हणजे काका. मला सवय झाली आहे. आबा मात्र वळून वैशालीकडं बघत होते.)

लाल गुळगुळीत जमिनीवर सतरंजी अंथरली होती. सई धरून सात मुली बसल्या, मांडी घालून, एकदम शिस्तीत. सई कडेला होती. तिनं माझ्याकडं एक नजर टाकली. त्या नजरेत प्रश्न होता आणि मी अंगठा वर करून त्याला उत्तर दिलं.

मी वाढायला लागलो. प्रत्येक ताटात सहा फुचके. भोक, सारण, पाणी, ताटात. भोक, सारण, पाणी, ताटात. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड. पहिल्या ताटापासून सातव्या ताटापर्यंत बेचाळीस फुचके, आणि एकही सांडला नाही. सुंदर दिसत होतं.

पहिल्या ताटापुढं बसलेल्या मिष्टूनं हात पुढं केला.

"थांब बाळ," आबा म्हणाले. "सगळ्यांस्नी होऊ दे."

मिष्टूला मराठी कळत नाही, पण आबांचा हात कळतो. ती थांबली.

"झालं आबा, सगळ्यांना वाढलं."

"तिसरं ताट बघ की. ओळीतनं भायेर आलंय." आबांनी खिशातून सूत काढलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात सूत असतं. एक टोक मी धरलं, एक त्यांनी धरलं आणि आम्ही ताटं एका रेषेत आणली. मुली कुतूहलानं बघत होत्या.

"आता सुरू—"

"आन् औक्षण?" आबा म्हणाले.

"खाणं झाल्यावर करणार होते मी," खुर्चीवरून वैशाली म्हणाली.

"वाढल्या ताटावर बसलेल्या पोरीला ओवाळायचं न्हाई? असं कुठं असतंय?"

निरांजन सापडलं. वात सापडली. काडेपेटी देवघरात होती ती स्वयंपाकघरात गेली होती, कारण मी लायटर उलटा धरतो. सुपारी सापडेना, बदाम घेतला. अंगठी माझ्या बोटातून निघेना, साबण लावला. सईला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग आबांनी डोळे मिटून हात जोडले आणि जेवणाआधीचा श्लोक म्हटला. आबा सावकाश म्हणतात. सातही मुलींनी हात जोडले.

पाणी, आम्ल आणि कागदाएवढी भिंत एकत्र आली की काय होतं, हे मी तीन वर्षं शिकलो आहे. पेपरात आलं असतं तर सविस्तर लिहिलं असतं.

आबांनी डोळे उघडले तेव्हा पहिल्या ताटात फुचके नव्हते. तिथं खीर होती. दुसऱ्या ताटातले गुडघे टेकत होते. सातव्यातले, अजून उभे होते म्हणेपर्यंत, एकमेकांच्या अंगावर कलले आणि बसले. ताटांना काठ कमी होता. पाणी सतरंजीवर आलं, सतरंजीवरून लाल जमिनीवर आलं आणि त्याच सुताच्या रेषेत सरळ दाराकडं निघालं. बुटांकडं.

"काही नाही, काही नाही!" मी ओरडलो. "दुसरी पंगत!"

फडकं आलं, ताटं बदलली. अठ्ठावन्न पुऱ्या शिल्लक होत्या. या वेळी मी धावत वाढलं. सातव्या ताटात शेवटचा फुचका ठेवून धापा टाकत मागं वळलो, तर मिष्टूचा हात अर्ध्यावर होता आणि आबांचा हात त्यावर.

"थांब बाळ. सईच्या बाबाचं वाढून होऊ दे."

"आबा, खाऊ द्या तिला!" मी किंचाळलो.

"वरडतूस कशाला? पावन्यांम्होरं?" आबा म्हणाले. आणि मी अधिकारी माणूस, वडील रागावले म्हणून गप्प उभा राहिलो, दोन मिनिटं. ती दोन मिनिटं फुचक्यांना पुरली.

आता सोळा पुऱ्या उरल्या होत्या आणि बादलीत मात्र अजून चार पंगतींचं पाणी होतं. सहा मुली ताटातल्या चिखलाकडं बघत होत्या, मग एकमेकींकडं बघायला लागल्या. उद्या शाळेत काय होणार हे मला दिसत होतं. आणि सई माझ्याकडं बघत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताटाकडं बघत होती, आणि तिची हनुवटी, लहानपणी सुई टोचायच्या आधी व्हायची तशी, हलत होती.

माझी पदवी समोरच्याच भिंतीवर होती. मी तिकडं बघायचं टाळलं.

मिष्टू हळूच सईकडं वाकली आणि काहीतरी विचारलं.

सईनं नाक ओढलं. पाठ ताठ केली. आणि मग ती बंगालीत बोलायला लागली. झरझर, हात हलवत, एकदा आबांकडं बोट दाखवून, एकदा निरांजनाकडं, एकदा माझ्याकडं. मला त्यातलं 'बाबा' एवढंच कळलं. मुलींचे डोळे मोठे झाले. मिष्टूनं मान डोलावली, ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि उठली. मग बाकीच्या पाच जणींनीही तेच केलं. रांगेत.

"काय म्हणाली ती?" मी वैशालीला विचारलं.

"मला कुठं कळतंय?" वैशाली चपला घालत होती. "चला खाली. पोरी उपाशी आहेत."

कोपऱ्यावर, वेताच्या तिवईवर काचेची पेटी मांडून, तो फुचकावाला उभा होता. मुलींनी त्याच्याभोवती अर्धगोल केला, पानाचे द्रोण हातात आले आणि तो सुरू झाला. भोक, सारण, पाणी, द्रोणात. पुढची. भोक, सारण, पाणी, द्रोणात. फुचका द्रोणात पडायचा आणि दुसऱ्या क्षणी तोंडात. थांबणं नाही, ओळ नाही, श्लोक नाही. सई पाचव्या फुचक्याला ठसका लागून हसत होती आणि मिष्टू तिच्या पाठीत थापट्या मारत होती.

आबा लांब उभे होते. मग जवळ आले. मग त्यांच्या हातात द्रोण होता. पाणी न भरलेली एक पुरी त्यांनी मागून घेतली, उजेडात धरली, नखानं वाजवली.

"आपल्या परास जाड हाय," ते मला म्हणाले. मग खाल्ली. मग सतरा खाल्ले. उभ्यानं.

शेवटी त्यानं प्रत्येकीला एकेक कोरडा फुचका वरून दिला. इथं तशी पद्धत आहे: पोटभर खाल्ल्यावर एक जादाचा. मीही हात पुढं केला. तो शांतपणे म्हणाला, "आपने तो खाया ही नहीं, दादा." त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर मिष्टूची आई समोरून आली. ती माझ्याशी हिंदीत बोलते, म्हणजे बंगालीच बोलते, पण मला हिंदी वाटेल अशा बेतानं. (माझं बंगालीही त्याच जातीचं आहे.) मी मान खाली घालून भिंतीकडेनं निघालो होतो.

"दादा, थांबा! मिष्टूनं सगळं सांगितलं."

"हो. म्हणजे, काल जरा—"

"किती सुंदर पद्धत आहे तुमच्यात! मुलीच्या वाढदिवसाला बापानं दोन दिवस स्वतःच्या हातानं फुचके करायचे, देवाला वाहायचे, आणि सगळ्यांनी हात जोडून ते विरघळेपर्यंत बसायचं. ते विरघळले की मुलीची वर्षभराची संकटं विरघळतात. आजोबा मंत्र म्हणतात. मग खाली जाऊन आनंदानं खायचं. सई किती छान समजावते! सगळ्या मुली घरी जाऊन तेच सांगतायत."

मी हातातल्या दुधाच्या पिशवीकडं बघितलं. मी विज्ञानाचा पदवीधर. आमच्या गावात बायकांच्या अंगात यायचं तेव्हा त्यांना समोर बसवून मी विज्ञान समजावून सांगितलेलं आहे. कारखान्यात यंत्राला लिंबू-मिरची बांधली म्हणून मी लेखी हरकत घेतलेली आहे.

वर गॅलरीत सई शाळेच्या गणवेशात उभी होती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हो," मी म्हणालो. "फार जुनी पद्धत आहे."

"दोन वेळा विरघळवतात ना?"

"दोनदा. एकदा सकाळ-दुपारच्या संकटांसाठी, एकदा संध्याकाळच्या."

प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण मिष्टूचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे आणि तिचे वडील भाविक गृहस्थ आहेत. रविवारी ते स्वतः दुसरा मजला चढून आले. विधी लिहून द्या, म्हणाले. आबांनी त्यांना रव्याची मूठ दाखवली, सूत दिलं. मी वही काढली आणि सगळं क्रमानं उतरवून दिलं: साहित्य, कृती, क्युरिंग. पुऱ्या विकतच्या घेऊ नका, असं मुद्दाम सांगितलं. विकतच्या लवकर विरघळत नाहीत.

कागद हातात घेऊन ते म्हणाले, खाली सही करा, म्हणजे घरच्यांचा विश्वास बसेल. मी केली. आणि सहीपुढं, नोकरीतल्या सवयीनं, बी.एस्सी. लिहिलं.